खोटी वॉर्निंग आणि ‘शून्य घालून मोकळे व्हा’चा सल्ला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एम्बेडेडचं (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांचं) काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मराठी मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअर चालवणारा, कोड सांभाळताना कंपायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) खोटी वॉर्निंग दिली, म्हणजे चूक नसताना इशारा दिला, तर व्हेरिएबलला शून्य द्या, नाहीतर कास्ट करा, म्हणजे किंमतीचा प्रकार जबरदस्तीने बदला; लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारेही हेच करतात. या विषयावर कोणीतरी मराठीत लिहितंय याचा मला आनंदच आहे. म्हणूनच सल्ला जसाच्या तसा पुढे जाऊ नये असं वाटतं.

“शून्य दिल्याने काही बिघडत नाही.” ड्रायव्हरमध्ये बिघडतं. लिनक्स कर्नलमध्ये सहसा फंक्शनने शून्य परत दिलं म्हणजे काम झालं. चूक असेल तर उणे आकडा येतो. हायड्रॉलिक टेस्ट बेंचवरचा प्रेशर सेन्सर घ्या. ड्रायव्हर लूपमध्ये एकेक चॅनेल वाचतो, निकाल ‘रेट’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि लूप संपल्यावर तो परत देतो. कंपायलर म्हणतो, रेट कदाचित न भरताच वापरला जाईल. आपण म्हणतो, लूप एकदा तरी फिरणारच, वॉर्निंग खोटी. पण चॅनेलची संख्या येते कुठून? डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे सांगणाऱ्या फाइलमधून. उद्या नव्या बोर्डाच्या फाइलमध्ये कोणी तिथे शून्य लिहिलं तर लूप फिरतच नाही, आपणच आधी घातलेलं शून्य परत जातं आणि वरच्या कोडला वाटतं वाचन झालं. वाचलेले आकडे ठेवायची जागा, म्हणजे बफर, तीही शून्यांनी भरलेली असेल तर स्क्रीनवर दाब शून्य, पाइपात 200 बार, आणि फिटिंग सैल करायला माणूस पाना घेऊन उभा.

म्हणजे वॉर्निंग खोटी नव्हतीच. शिवाय शून्य घातलं की त्या व्हेरिएबलपुरतं कंपायलरचं तोंड कायमचं बंद होतं. पुढे कोणी नवी इफ-एल्स घातली आणि निकाल भरायला विसरला, तरी चकार शब्द येणार नाही. त्यापेक्षा लूपच्या आधी संख्या तपासा; शून्य असेल तर तिथूनच उणे 22, म्हणजे ईइनव्हॅल (‘दिलेली किंमत चुकीची’ हा एरर कोड), परत द्या. रेट लूपच्या आत जाहीर करा, चूक आली की तिथूनच परता. वॉर्निंग जाते, आणि कोड वाचणाऱ्यालाही तुमचा हेतू कळतो.

“कर्नलवालेही हेच करतात.” एके काळी करायचे. व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत देऊन वॉर्निंग दाबणारा ‘अनइनिशियलाइज्ड_व्हार’ हा मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव) कर्नलमध्ये बरीच वर्षं होता. 2020 मध्ये तो काढून टाकला, कारण त्याच्याखाली खरे बग झाकले जात होते. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ‘मेबी-अनइनिशियलाइज्ड’ (व्हेरिएबल कदाचित न भरताच वापरलं जाईल) ही वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून बंद केली, कारण तिच्यात खोट्याच फार येत होत्या. खोट्या वॉर्निंगचा त्रास खरा आहे, हे मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. पण ती एका जागी, उघडपणे बंद करणं वेगळं आणि गप्प बसवण्यासाठी जागोजागी कोड वाकवणं वेगळं.

“कास्ट करा.” 64-बिट लॅपटॉपवर गप्प झालेला कास्ट 32-बिट बोर्डवर वरचे बिट कापून टाकू शकतो. प्रिंटमधला फॉरमॅट चुकला असेल तर फॉरमॅट दुरुस्त करा.

“टूलपेक्षा आपल्याला जास्त कळतं.” 2006 मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत, न भरलेल्या मेमरीबद्दलची तक्रार थांबवायला कोड कॉमेंट करून बंद केला गेला. तक्रार व्हॅलग्रिंडसारख्या, चालू प्रोग्रॅमची मेमरी तपासणाऱ्या टूलची होती, कंपायलरची नव्हे, पण घाई हीच. त्यासोबत रँडमनेसचा जवळजवळ सगळा आधार गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या जेमतेम 32,768 वेगळ्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनू शकत होत्या, आणि हे 2008 मध्ये उघड झालं.

“माझ्या मशीनवर वॉर्निंग येत नाही, म्हणजे ती खोटीच.” ही वॉर्निंग जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) करताना काढतो; आवृत्ती, ऑप्टिमायझेशनची पातळी, इनलायनिंग (फंक्शनचा कोड थेट बोलावण्याच्या जागी घालणं) बदललं की ती येते-जाते. क्लँग या दुसऱ्या कंपायलरवरही एकदा बिल्ड करून बघा.

सगळे रस्ते तपासूनही ती खोटीच निघाली, तर पॅचच्या (कोडमधल्या बदलाच्या) मजकुरात तसं स्पष्ट लिहा: कंपायलर कोणता, आवृत्ती कोणती, आर्किटेक्चर कोणतं, आणि व्हेरिएबल न भरता तिथे पोचणं का शक्य नाही. म्हणजे मेंटेनर (तो कोड सांभाळणारा) त्याला बगफिक्स समजून जुन्या स्टेबल आवृत्त्यांमध्ये ढकलणार नाही.