नाक्यावरचे शुल्क

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने नागपूरहून पावतीचा फोटो पाठवला. पुतणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. पहिली ओळ ‘शिक्षण शुल्क’, पुढे शून्य. त्याखाली विकास शुल्क, ग्रंथालय शुल्क, जिमखाना, अनामत. फोनवर म्हणाला, “ताई, फी माफ झाली म्हणून साठवलेल्या पैशात लॅपटॉप घेऊन टाकला न मी. आता हे काय भरून राहिलो?”

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय फार चांगला आहे. आमच्या थोरल्या बहिणीच्या वेळी तो असता, तर ती बारावीवर थांबली नसती. पण माफ झाले ‘शिक्षण शुल्क’ आणि घरोघरी ऐकू आले ‘फी माफ’. फी म्हणजे आपल्याकडे सगळेच पैसे.

शुल्क हा शब्द मुळात शाळेचा नाहीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष भेटतो. नगराच्या महाद्वाराजवळ त्याची शुल्कशाला, तिथे ध्वज उभारलेला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर वसुली. सरळ जकात नाकाच. वधूच्या बापाने घ्यायच्या पैशालाही शुल्कच म्हणत. आज ‘विकास शुल्क’ वाचताना मला तो दारातला ध्वज दिसतो.

ट्यूशनचे मूळ वेगळे आहे. नागपुरात ट्यूशन म्हणजे शिकवणी, इथे इंग्लंडमध्ये विद्यापीठाची फी ती ट्यूशन फी. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ होता राखण, सांभाळ. राखणीवरून तो शिकवण्याकडे आला आणि पैशाकडे सगळ्यात शेवटी.

पण म्हणून मी इकडचे गोडवे गाणार नाही. मी लीड्सला राहते. १९९८ साली इंग्लंडमध्ये ही फी सुरू झाली तेव्हा ती वर्षाला जास्तीत जास्त १,००० पौंड होती; २०२५-२६ साठी ती ९,५३५ पौंड होती. माझ्या मुलीच्या डोक्यावरचे फीचे कर्ज फिटले नाही तर ४० वर्षांनी माफ होईल, तेव्हा ती साठीला टेकलेली असेल. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र तिथल्या मुलांची फी सरकार भरते. तरी एक गोष्ट मला इथली हवीशी वाटते: आकडा एकच असतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा त्यातच. अर्ज करण्याआधी तो घरी माहीत असतो.

आमच्या नात्यातले काही जण म्हणतात, एवढे मोफत मिळतेय, कुरकुर कशाला? भावाने उरलेले पैसे पतसंस्थेतून कर्जाने काढले, म्हणून. माफीच्या जाहिरातीतच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, काय माफ नाही आणि ते एकूण किती, हे छापायला हवे. सातवी शिकलेल्या आईला वाचता येईल अशा मराठीत.

पुढच्या वर्षासाठी भावाने आत्तापासून भिशी लावलीय. किती लागतील, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.