आपला तो बाब्या

राजकीय ध्रुवीकरणाचा विषय निघाला की गाडी तुटलेल्या मैत्र्या आणि सोडलेले व्हॉट्सअॅप ग्रुप यांच्यावरच अडकते. ते वाईट आहेच. पण मला त्याहून मोठं नुकसान वेगळं दिसतं. स्वतःच्याच पक्षाचे कान उपटायची मतदाराची इच्छाच मरते.

जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना गरिबांसाठीच्या सरकारी मदत योजनेची माहिती वाचायला दिली. काहींना भरघोस मदतीची योजना, काहींना हात आखडता घेतलेली. सोबत सांगितलं की अमुक पक्षाचा पाठिंबा आहे, तमुकचा विरोध. झालं! डेमोक्रॅटांचा पाठिंबा आहे म्हटल्यावर उदारमतवादी पोरं कंजूष योजनेलाही माना डोलावू लागली, आणि रिपब्लिकन सोबत आहेत म्हटल्यावर पुराणमतवाद्यांना भरघोस मदतही चालू लागली. खरी गंमत पुढेच आहे. विचारल्यावर त्यांचं म्हणणं काय, तर मी योजना वाचून मत बनवलं. पक्ष बघून ठरवणारे ते दुसरे.

हे वाचताना तुम्हाला समोरच्या पक्षाचाच कुणीतरी आठवला ना? मलाही.

मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक यांनी २०२० मध्ये याच्या पुढचा प्रश्न तपासला. आपल्याच उमेदवाराने लोकशाहीचे नियम मोडायची भाषा केली, तर किती अमेरिकी मतदार त्याची साथ सोडतील? फारच थोडे निघाले. ही माणसं हुकूमशाहीची भक्त नसतात. ‘आपला चुकला, मान्य. पण म्हणून काय त्यांना निवडून द्यायचं?’ या एका वाक्यावर कुठलाही पुढारी पाच वर्षं आरामात काढतो. त्याला काम दाखवावं लागत नाही, समोरच्याचा बागुलबुवा उभा केला की भागतं.

सरकारचं काय होतं? २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९, असे ३५ दिवस खर्चाला मंजुरी न मिळाल्याने अमेरिकेचं केंद्र सरकार अर्धवट ठप्प होतं. वाद मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांचा. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. त्यातले निम्म्याहून जास्त लोक बिनपगारी कामावर येत होते. विमानतळावर बॅगा तपासणारे लोक आजारपणाच्या रजा टाकू लागले, अन्नवाटप केंद्रांवर सरकारी नोकर रांगेत दिसले. शेवटी हवाई वाहतूक नियंत्रकांची संख्या कमी पडून न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर विमानं खोळंबली, आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. भिंतीसाठी मागितलेला पैसा त्यात नव्हताच. बरं, यातून शहाणपण आलं म्हणावं, तर २०२५ मध्ये हाच खेळ ४३ दिवस चालला.

लोकप्रतिनिधी वेडे आहेत म्हणून हे होत नाही. तडजोड केली की पुढच्या वेळी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीतच (प्राथमिक फेरीत) आपला पत्ता कट होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग सरकार बंद पडलेलं परवडतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्या पक्षांनी गोडीगुलाबीने राहायचं का? मुळीच नाही. १९५० साली अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने उलटीच तक्रार केली होती: पक्षांमध्ये पुरेसा फरक दिसत नाही, मतदाराने निवडायचं काय? ती तक्रार रास्त होती. धोरणांवरून कडाडून भांडा की. आणि ‘दोन्ही बाजू सारख्याच’ हेही मला पटत नाही. एखाद्या वेळी एक बाजू खरोखरच जास्त चुकलेली असते. पण हे आपल्या बाजूबद्दल म्हणायची सोय उरली पाहिजे.

निवडणुकीचे नियम बदलून थोडा फरक पडतो असं दिसतं. अलास्कात २०२२ पासून प्राथमिक फेरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, पहिले चार पुढे जातात आणि अंतिम फेरीत पसंतीक्रम द्यायचा असतो; पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. तिथल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्काउस्की यांनी २०२१ च्या महाभियोगात ट्रम्प यांच्या विरोधात मत दिलं होतं. राज्यातल्या पक्षाने त्यांचा निषेध केला, तरी २०२२ मध्ये त्या निवडून आल्या. दुसऱ्या पसंतीसाठी विरोधकाच्या मतदाराशीही गोड बोलावं लागतं, हा त्यातला भाग. २०२४ मध्ये ही पद्धत रद्द करायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि अगदी थोडक्या मतांनी पडला.