गाडीचं वय नको, धूर मोजा

आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर सध्या जुन्या गाड्यांचा विषय पेटलाय. दिल्लीत १ जुलै २०२५पासून १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असा हुकूम निघाला, लोक खवळले आणि काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. पण तेव्हापासून, हे लोण आज ना उद्या पुण्यात येणार, या धास्तीने माझा मोठा चुलतभाऊ हैराण आहे. त्याची गाडी जुनी असली तरी टापटीप आहे, त्यामुळे त्याचा राग मला कळतो. पण परवा त्याने लिहिलं, "अमेरिकेत बघा, पन्नास-पन्नास वर्षांच्या गाड्या मिरवतात, कुणी हात लावत नाही. तूच नाही का ती लाल डबडी फिरवतेस? कायदे काय ते आम्हालाच." खाली भराभर अंगठे पडले.

दादा, मी राहते त्या कॅलिफोर्नियात तरी कुणी हात लावत नाही, हे साफ खोटं आहे.

माझी 'डबडी' म्हणजे १९९० सालची माझदा मियाटा, दोन सीटची, उघड्या टपाची. दर दोन वर्षांनी तिचा स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी, पास झाल्याशिवाय डीएमव्ही, म्हणजे इथलं आरटीओ, नंबरप्लेटवर लावायचा नोंदणीचा टॅग पाठवत नाही. पैसे भरलेले असोत, विमा असो, टॅग नाही म्हणजे नाही. जुनेपणामुळे सूट आहे ती फक्त १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना. पेट्रोलवरच्या बाकी सगळ्या जुन्या गाड्या रांगेत.

आणि हा स्मॉग म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी खुपसून कागद छापणं नाही. २०००च्या आधीची गाडी आमच्याकडे रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच, पुढे मोठा पंखा. आधी ताशी १५ मैल, मग २५ मैल, आणि दोन्ही वेळा रोलर चाकांना अडवून धरतो, म्हणजे इंजिनाला खरोखर जोर लावावा लागतो. शिवाय बॉनेट उघडून टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडते ते, तपासतात, पेट्रोलच्या टाकीचं झाकण गळतंय का बघतात, खाली वाकून कॅटवरचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरचा, नंबर वाचतात.

मी ती ॲरिझोनातून आणली आणि पहिल्याच स्मॉगला नापास झाली. आधीच्या मालकाने पिकअपसाठी टायमिंग १० अंशांवरून १४वर नेलं होतं. मियाटावाले हे सर्रास करतात, पण इथे फरक ३ अंशांपर्यंतच खपतो. कॅटही त्याने बाहेरचा बसवलेला, कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा नंबर नसलेला. रिपोर्टवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मर्यादेत होते. नायट्रिक ऑक्साइड मात्र कमाल रकान्याच्या बरंच वर.

ग्लेंडेलच्या माझ्या आर्मेनियन मेकॅनिकने डायग्नोस्टिक बॉक्समध्ये वायरचा तुकडा अडकवला, इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथे हात हमखास खरचटतो, तिथला टायमिंग ठरवणारा सेन्सर सैल केला आणि केसभर फिरवला. टायमिंग लाइट मी धरला होता. त्या लुकलुकत्या उजेडात गरगर फिरणाऱ्या पुलीवरची खूण स्थिर दिसते, ती सरकत सरकत १०वर आली. मंजूर नंबरच्या कॅटला साध्या कॅटच्या कितीतरी पट पैसे मोजले. मग २१० फ्रीवेवर गाडी चांगली तापवून तशीच रोलरवर नेली आणि पास झाली.

एवढी कटकट इथल्या लोकांनी हौसेने मागे लावून घेतलेली नाही. माझ्या घरापासून पासाडेना जवळ आहे. १९४३च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये एवढं धुरकट पडलं की लोकांना जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला होता. पुढे पासाडेनाच्याच कॅलटेक विद्यापीठातल्या हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कडक उन्हात एकत्र आली की ओझोन बनतो, आणि डोळ्यांना चुरचुरणारे इतर पदार्थही. ही नायट्रोजनची ऑक्साइडं इंजिन तापून जोर लावतं तेव्हाच भरपूर निघतात. म्हणून रोलर.

आता दादा ज्या पीयूसीच्या जोरावर "माझी गाडी स्वच्छ आहे" म्हणतो, तिच्यात पेट्रोल गाडीचा धूर गाडी उभी असताना तपासतात. कार्बन मोनॉक्साइड बघतात, हायड्रोकार्बन बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं तिच्यात नाहीतच. माझी नापास झालेली मियाटा पुण्यातल्या पंपाशेजारच्या व्हॅनपाशी नेली असती, तर हातात पीयूसी घेऊनच परतली असती. आणि ऊन काय पुण्यात कमी आहे?

म्हणून मला दोन्ही बाजूंचा राग येतो. ताप न मोजता जन्मतारीख बघून औषध देणारा डॉक्टर आपण खपवून घेऊ का? दिल्लीचा हुकूम तसाच होता. पण "माझी गाडी जुनी आणि लाडकी, तिला सोडा" हेही मला पटत नाही, आणि हे मी फक्त पुण्याला सुनावत नाही. इथेही २०२५मध्ये एसबी ७१२ नावाचं विधेयक आलं होतं: ३५ वर्षं झालेल्या आणि संग्राहकांचा विमा असलेल्या गाड्यांना स्मॉगमधून मोकळं करा. टीव्हीवरचा प्रसिद्ध विनोदवीर आणि जुन्या गाड्यांचा संग्राहक जे लेनो स्वतः सॅक्रामेंटोला, म्हणजे इथल्या राजधानीला, जाऊन त्याच्या बाजूने बोलला. माझी मियाटा त्यात नेमकी बसत होती. तरी मी माझ्या असेम्ब्ली प्रतिनिधीला विरोधाचं पत्र लिहिलं. रविवारी माझ्याबरोबर एंजेलिस क्रेस्टच्या घाटात गाड्या काढणारी मंडळी त्यावरून अजून नाराज आहेत. त्यांची अडचण खरी आहे, रोलरवाली केंद्रं कमी होत चालली आहेत, सुटे भाग मिळत नाहीत. तरीही ऑगस्टमध्ये विधेयक असेम्ब्लीच्या समितीत अडलं तेव्हा मला बरं वाटलं.

दादाचं यावर ठरलेलं उत्तर असतं. "तू वर्षातून तीन आठवड्यांची पाहुणी, तुला काय!" ते लागतं. कारण ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांच्या नियमाने रस्त्यावरून गेली, तेव्हा ग्रुपवर सगळ्यात जास्त मीच लिहिलं होतं. बाबांची पद्मिनी होती, कुर्ल्याला बनलेली. तिचा कार्बोरेटर साफ करायला ते नाना पेठेत जात आणि मला बरोबर नेत. कच्च्या पेट्रोलचा तो वास मला बाबांचाच वाटायचा. मियाटा घेतली तेव्हा थंडीत सुरू करताना तिला थोडा तसाच वास यायचा, आणि खरं सांगायचं तर मी ती त्यासाठीच घेतली. नवा कॅट बसल्यावर तो गेला. मला त्याचं अजून वाईट वाटतं, आणि तरी तो जायलाच हवा होता असंच मी म्हणते. आई पुण्यातच राहते. दिवाळीनंतर तिचा खोकला महिना महिना हटत नाही, आणि इथून मी फोनवर तो नुसता ऐकत बसते. त्या हवेबद्दल बोलायला मला रेशनकार्ड लागत नाही.

आणि रोलर पुण्याला नवा आहे का? कोथरूडच्या ज्या टेकडीवर दादा रोज सकाळी फिरायला जातो, तिला सगळं पुणं एआरएआय टेकडी म्हणतं. एआरएआय म्हणजे तिथली वाहन संशोधन संस्था, आणि देशात विकायच्या कित्येक नव्या मॉडेलांच्या गाड्या त्या संस्थेत रोलरवर चढवून तपासतात. तीच रीत, साध्या रूपात का होईना, पंधरा वर्षांनी रि-पासिंगला येणाऱ्या गाडीला लावा. पास झाली तर ग्रीन टॅक्स माफ करा आणि खुशाल चालू द्या. नापास झाली तर दुरुस्तीला मुदत द्या. दादा, आरटीओपुढे आंदोलन करायचंच असेल तर हे मागायला कर. डिसेंबरात मी येतेच आहे, तुझ्याबरोबर उभी राहीन.