दारू, छर्रे आणि भाचा

ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्या माणसाजवळ बंदूक असते, हे सगळ्यांना दिसते. बाकीचे सामान त्याच्या भाच्याजवळ असते, हे कोणालाच दिसत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच साली मराठवाड्यात दुष्काळही पडला, तेव्हा मामांची शिकार कायमची थांबली. त्याआधी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या त्यांच्या गावी एक दुनळी ठासणीची बंदूक होती. परवाना पिकाच्या राखणीचा होता. १९५९च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक आणि पिकाची राखण यांचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. दारू कोणी वाहायची याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. राखण खरे तर रानडुकरांपासून करायची होती, पण तित्तर हाही ज्वारीचा उघड शत्रू असल्याचे मामांचे ठाम मत होते आणि त्या मताला अपील नव्हते.

काडतुसाच्या बंदुकीवाल्याचे बरे असते. त्याची दारू, छर्रे, बोळे आणि टोपी हे सगळे कुटुंब एका नळकांड्यात गुण्यागोविंदाने नांदते. ठासणीच्या बंदुकीत मात्र प्रत्येकाची चूल वेगळी. आधी दारू, तिच्यावर गजाने, म्हणजे लांब काठीने, जाड बोळा ठासायचा, मग छर्रे, ते गडगडून बाहेर येऊ नयेत म्हणून वर पातळ बोळा आणि सर्वांत शेवटी टोपी, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटून दारूला आग लावणारी चिमुकली वाटी. बारा बोअरच्या नळीला एका बारासाठी साधारण पाच ग्रॅम दारू आणि बत्तीस ग्रॅम छर्रे लागतात. सोनाराच्या भाषेत सांगायचे तर छर्रे पावणेतीन तोळे. गंमत अशी की, दोन्हींसाठी माप एकच चालते, कारण त्याच मापात शिशाचे छर्रे दारूच्या सहापटीहून जास्त भरतात. या बंदुकीने माणसाला दिलेली ही एकमेव सोय.

हिशेब केला तर वीस बारांची दारू आणि छर्रे मिळून पाऊण किलोच्या आतच बसतात. पण वजन आणि ओझे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छर्ऱ्यांची चामडी पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेवर लोंबत असे आणि प्रत्येक पावलागणिक आपले शिसे माझ्या हाडावर आपटून पुढे चालण्याची आठवण देत असे. तिच्या पितळी तोंडाची कमान सैल झालेली होती. त्यामुळे नांगरटीतून जाताना त्यातले चार-दोन छर्रे निसटून थेट पायताणात उतरत, आणि पायताणाला आधीच काळ्या रानाचा चिखल शेर-शेर चिकटलेला असे. दारूची कुपी दुसऱ्या बाजूला, सदऱ्याच्या आत, ओल लागू नये म्हणून काखेत. मामा विडी ओढत. त्यांना तल्लफ आली की मी न सांगता वाऱ्याच्या वरच्या अंगाला वीस-पंचवीस पावले जाऊन उभा राहत असे.

कुपीतून थेट नळीत दारू ओतायची नाही, हा नियम मामा स्वतः कसोशीने पाळत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मागच्या बारातली एखादी ठिणगी नळीत धुमसत राहिलेली असली, तर मापभर दारू भडकून हात भाजण्यावर निभावते. कुपी पेटली तर हातच राहत नाही. म्हणून दारू आधी मापात आणि मग नळीत. यावर माझा उपाय असा होता की, घरीच प्रत्येक बाराची दारू मोजून कागदाच्या पुड्या बांधून न्याव्यात. आजही मला तोच उपाय शहाणपणाचा वाटतो. मामांनी तो एका वाक्यात निकालात काढला. "पुड्या बांधून न्यायला आपण काय वैद्य हाव का रे?"

टोप्यांची तऱ्हा आणखी निराळी. चकमकीच्या बंदुकीचा आधी भपका उडतो आणि बार मागून होतो, तेवढ्यात पाखरे सावध होतात, म्हणून फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढून १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी आली. तुरीच्या दाण्याएवढी ही वस्तू थंडीने बधिरलेल्या बोटांतून निसटली की नेमकी जमिनीच्या भेगेत जाते. एवढी अक्कल खर्च करणाऱ्यांपैकी कोणालाही तिला एखादी कडी लावावीशी वाटली नाही.

आता तित्तरांचा थवा उडाला, मामांनी उजवी नळी झाडली आणि धूर निवळायच्या आत हात मागे केला, असे समजा. पहिली गोष्ट, डाव्या नळीची टोपी काढून घेणे, कारण गज ठासताना हात दोन्ही तोंडांवरून जातो. मग दारू, बोळा, गज. छर्रे, बोळा, गज. मग डाव्या नळीतही एकदा गज, कारण उजवीच्या धक्क्याने डावीतले छर्रे सैल होतात. हे सगळे मी योग्य क्रमाने पुरवत असताना तित्तर पुढच्या बांधावर उतरून एकमेकांना हाका मारीत. शिवाय बोळे वर्तमानपत्राचे असत आणि ते धुमसतच बाहेर पडत, त्यामुळे वाळलेल्या कडब्यात पडलेले अग्रलेख पायाने विझवणे हेही माझ्याकडेच होते.

खरी पंचाईत परतताना होई. काडतूस काढून खिशात घालता येते. ठासलेला बार तसा निघत नाही. गजाला मळसूत्री आकडा लावून बोळे उपसावे लागतात, आणि तो आकडा मामांकडून कधीच हरवला होता. भरलेली बंदूक घरात न्यायची नाही, हा दुसरा नियम. त्यामुळे हात हलवत परतलो की वेशीबाहेर दोन्ही नळ्या हवेत झाडाव्या लागत. ते दोन बार ऐकू आले की गावाला काय ते कळे, आणि मामी निमूटपणे चुलीवर वरणाला डाळ टाकत.