डोक्यावर बसलेला खर्च

एचटीसी व्हाइव्ह हा व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरण्याचा हेडसेट मे २०१७ मध्ये भारतात ९२,९९० रुपयांना विक्रीस आला. हा आकडा मला आजही तोंडपाठ आहे आणि त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, कारण या संपूर्ण व्यवहारात कोणीतरी आधी आणि स्पष्टपणे सांगितलेली अशी ती एकमेव रक्कम होती. बाकीच्या रकमा मागाहून, एकेकट्या, बहुधा संध्याकाळच्या वेळी माझ्याकडे आल्या. मी लातूरला एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात काम करतो आणि खर्च लिहून ठेवण्याची मला खोड आहे. त्यामुळे या हेडसेटच्या नावाने मी पहिल्याच दिवशी एक स्वतंत्र वही घातली. ती वही दोनशे पानी होती, हे पाहून पत्नीला जी शंका आली ती तिने त्याच दिवशी बोलून दाखवली होती.

खरे म्हणजे मला असे यंत्र त्याआधी वर्षभरापासूनच हवे होते. ऑक्युलस रिफ्ट या व्हाइव्हच्या प्रतिस्पर्धी हेडसेटचा जनक पामर लकी याने २०१५ मध्ये किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास, पण त्याहून अधिक असेल, असे सांगून ठेवले होते. जानेवारी २०१६ मध्ये आगाऊ नोंदणी सुरू झाली तेव्हा हे ‘आसपास’ ५९९ डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास चाळीस हजार रुपयांवर जाऊन थांबले होते. पुढे एप्रिलमध्ये व्हाइव्ह ७९९ डॉलरला ग्राहकांच्या हाती पडू लागला. परंतु तो एप्रिल आमच्या गावाला वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी. ज्या घरात तांब्याभर पाण्याचाही हिशोब द्यावा लागत होता, त्या घरात बसल्या जागी दुसऱ्या जगात जाण्याच्या यंत्राचा विषय काढण्याची माझी छाती झाली नाही. त्या उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येकालाच दुसऱ्या जगात जायचे होते, पण तिथे नळाला पाणी असावे एवढीच त्यांची अट होती.

पुढच्या वर्षी हेडसेट आला आणि आल्याबरोबर त्याने माझा संगणक नापास केला. हा अपमान माझ्या एकट्याचा नव्हता. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीचाच अंदाज होता की, २०१६ साली हे काम पेलू शकणारे संगणक साऱ्या जगात सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे एकूण संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी असतील. व्हाइव्हमध्ये प्रत्येक डोळ्यापुढे १०८० बाय १२०० ठिपक्यांचा वेगळा पडदा असतो आणि दोन्ही पडद्यांवरचे चित्र सेकंदाला नव्वद वेळा नव्याने रंगवावे लागते. याचा गुणाकार सेकंदाला २३ कोटी ठिपक्यांच्या वर जातो. माझा संगणक तोवर बँकेची परिपत्रके उघडणे आणि पत्ते खेळणे एवढ्यावर समाधानी होता. दुकानदाराने त्याची बाजू उघडून आत पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि “कॅबिनेट तेवढं ठेवू, सर,” असे अत्यंत मायेने सांगितले. नवे ग्राफिक्स कार्ड, त्याला पुरेल असा नवा पॉवर सप्लाय, त्या दोघांशी जमवून घेणारा नवा मदरबोर्ड आणि त्याच्यावर बसणारा नवा प्रोसेसर अशी खरेदी झाली. शिवाय नेमक्या त्याच उन्हाळ्यात जगभरची हौशी मंडळी आभासी नाण्यांच्या ‘खोदकामासाठी’, म्हणजे संगणकाकडून अखंड आकडेमोड करवून ती नाणी मिळवण्यासाठी, ग्राफिक्स कार्डे उचलू लागली होती, त्यामुळे कार्डाचा भाव मी चौकशी केली तेव्हा वेगळा आणि पैसे घेऊन गेलो तेव्हा वेगळा निघाला. शेवटी जुन्या संगणकातले कॅबिनेटही राहिले नाही, कारण नवे कार्ड लांबीने त्यात मावेना.

आता वीज. व्हाइव्हच्या खोक्यातून एकंदर पाच अडॅप्टर निघाले: भिंतीवर लावायच्या दोन बेस स्टेशनांचे दोन, हातात धरायच्या दोन कंट्रोलरांना चार्ज करण्याचे दोन आणि संगणक व हेडसेट यांना जोडणाऱ्या डबीचा एक. आमच्या दिवाणखान्यात वडिलांनी घर बांधताना हिशोबाने बसवलेला एकच बोर्ड होता आणि त्यातल्या एका सॉकेटवर देवघराच्या माळेचा वंशपरंपरागत हक्क होता. वायरमनला बोलावले. त्याने टेस्टर लावला, चेहरा गंभीर केला आणि घरात अर्थिंगच नाही असे जाहीर केले. ते होते, पण वाळले होते. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात त्याने मीठ आणि कोळसा नव्याने भरला, वर पाइपाचे तोंड मोकळे ठेवले आणि जाताना सांगितले, “साहेब, लाखाचा माल हाय. उन्हाळाभर यात रोज बादलीभर पाणी ओतत जावा, न्हाईतर एखाद्या दिवशी कार्ड उडंल.”

हे वाक्य आईने ऐकले. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात, भांडी घासलेले पाणी ज्या घरात तुळशीला आणि तुळशीचे उरलेले शेवग्याला जाते त्या घरात, खेळण्यासाठी जमिनीत रोज बादलीभर पाणी ओतायचे हे तिला काही केल्या पटेना. “त्येला काय कोंब फुटणार हाय का?” असे तिने विचारले. तिचा प्रश्न बिनतोड होता. तोड म्हणून आंघोळीच्या माझ्या वाट्यातून ती बादली कापण्यात आली, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या ग्राफिक्स कार्डाने माझ्यापेक्षा अधिक नियमित स्नान केले. स्टॅबिलायझर आणि मोठा यूपीएस हा खर्च त्यानंतरचा. तो मी मुकाट्याने लिहिला.

पूर्ण चालत-फिरत खेळायचे असेल तर व्हाइव्हला किमान दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जमीन लागते, म्हणजे साधारण साडेसहा फूट बाय पाच फूट. ऐकायला हे क्षेत्र किरकोळ वाटते. परंतु मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात एवढी जमीन मोकळी सापडणे कठीण, कारण तिच्यावर दिवाण, सोफा, टीपॉय, शिलाई मशीन, सोयाबीनच्या बियाण्याच्या दोन पिशव्या आणि लग्नात मिळालेला, कोणालाही नको असलेला पितळी मोर यांची वहिवाट आधीच लागलेली असते. दिवाण माडीवर चढवायला हमाल लागले. जिन्याचे वळण अरुंद असल्याने दिवाण तिथेच अडकला आणि सुताराला बोलावून त्याचे दोन तुकडे करावे लागले. दिवाण आजही दोन भागांत आहे.

बेस स्टेशने खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, खाली तोंड करून बसवायची असतात. त्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खोलीभर फिरत राहतो आणि त्यावरून हेडसेटला आपली जागा कळते. पाहुण्यांना मात्र ते कॅमेरे वाटले. धाराशिवची आत्या आली, तिने दोन्ही कोपऱ्यांकडे पाहिले, पदर सावरला आणि संपूर्ण मुक्कामात आमच्या घरातल्या कोणाविषयीही एक अक्षर वावगे बोलली नाही. या यंत्राचा एवढा निखळ फायदा मला नंतर कधी झाला नाही. आरशावरून तो प्रकाश परावर्तित झाला की हेडसेट गोंधळतो, म्हणून कपाटाच्या आरशावर चादर टाकावी लागे. पत्नी भांग पाडायला आली की जग थांबवून चादर काढायची आणि तिची टिकली जागेवर बसली की पुन्हा टाकायची, असा शिरस्ता पडला.

एवढी तयारी होईतो उन्हाळा कळसाला पोहोचला होता. खेळताना हात वर जातात, आमचा पंखा जुन्या घाटणीचा आणि खाली लोंबणारा, त्यामुळे पंखा बंद करणे भाग होते. मे महिन्याच्या लातुरात बंद पंख्याखाली, दारे-खिडक्या लावून, अर्ध्या किलोच्या आसपासची वस्तू पट्ट्यांनी तोंडावर आवळून उभे राहणे म्हणजे काय, याचे वर्णन कंपनीच्या माहितीपुस्तकात नाही. आतला फोम घाम पिऊन घेई आणि भिंगांवर वाफ धरे. मला चष्मा आहे. तो आत ठेवला तर भिंगांना घासे, काढला तर समोरचा राक्षस आणि दरवाजा यांत फरक कळेना. तरी त्या पडद्यांची कृपा अशी की, चष्मा असूनही सगळे दृश्य बारीक जाळीच्या दारातून पाहिल्यासारखेच दिसे. नवीन चष्म्याची लहान फ्रेम वहीत लिहिली आणि कूलर दारात आणला. त्याच्या आवाजात खेळातले शत्रू मागून कधी आले ते ऐकूच येईना.

खेळ कोणते, असे लोक विचारत. माझ्याकडच्या खेळांत सर्वांत गाजलेला होता ‘जॉब सिम्युलेटर’. त्यात माणसांची नोकरी यंत्रमानवांनी केव्हाच काढून घेतलेली असते आणि पूर्वी लोक काम कसे करीत याची हौस म्हणून आपल्याला कचेरीत बसवतात. दिवसभर बँकेत शिक्के मारून, कर्जदारांच्या शिव्या खाऊन मी घरी येई, कार्डाला पाणी पाजी, चादर टाकी, हेडसेट चढवी आणि पुन्हा एका टेबलामागे उभा राहून फोन उचलू लागे. फरक एवढाच की तिथे फोन फेकून देता येत होता. त्यासाठी दीड-दोन लाख म्हणजे फार नाहीत, असे माझे आजही मत आहे, आणि ते माझ्या शाखेतल्या कोणालाही पटेल.

चालण्या-धावण्याचे खेळ मात्र सोसले नाहीत. डोळे सांगतात आपण पळतो आहोत, कानातला तोल सांगतो आपण जागेवर उभे आहोत, आणि या दोघांच्या भांडणात पोट मध्ये पडते. आलेपाक हा खर्च किरकोळ होता. त्यापेक्षा केबल महाग पडली. हेडसेटमागून संगणकापर्यंत लांबलचक केबल जाते आणि वळता वळता ती पायांत गुंडाळते, म्हणून मागे ती धरून फिरायला माणूस लागतो. हे काम पत्नीने काही संध्याकाळी केले. एकदा मी धनुष्याला बाण लावून उभा असताना वीज गेली. खोलीतला अंधार वेगळा आणि हेडसेटमधला वेगळा. मी दोन्हींच्या आत, एक हात कानापाशी ओढलेला, तसाच उभा राहिलो. यूपीएस किंचाळू लागला आणि त्या किंचाळण्यातून पत्नीचा शांत आवाज आला, “अहो, तुमचं डोक्याला लावायचं झालं. आता माझं अंगाला लावायचं कधी बघता?” केबल तिच्याच हातात होती. पुढच्या रविवारी आम्ही पैठणला गेलो. हातमागावरची पैठणी काय भावाने जाते हे मी इथे लिहीत नाही. वहीत ते पान वेगळे आहे.

याच सुमारास माझ्या नांदेडच्या मित्राने फोन केला. त्याने रिफ्ट घेतला होता आणि ऑगस्टपर्यंत तो माझ्याहून दुःखी झाला होता, कारण ५९९ डॉलरचे ते यंत्र कंपनीने त्या उन्हाळ्यात कंट्रोलरांसकट ३९९ डॉलरला काढले होते. जे कंट्रोलर त्याने आधी १९९ डॉलर वेगळे मोजून घेतले होते. लगोलग व्हाइव्हही अमेरिकेत २०० डॉलरने उतरला. पुढे ७ मार्च २०१८ रोजी तर जगभरातले रिफ्ट एकाएकी बंद पडले. बिघाड कसलाच नव्हता. आतल्या सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि कोणी ती वाढवायची विसरले होते. कंपनीने नंतर ग्राहकांच्या खाती पंधरा डॉलर जमा केले. हे मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितले. ते जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. “म्हंजे नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला न्हाई की पेन्शन बंद, तसंच की,” असे म्हणून ते प्रथमच त्या यंत्राकडे आपलेपणाने पाहू लागले.

त्या आपलेपणाचा खर्च सर्वांत शेवटी आला. व्हाइव्हसाठी गूगल अर्थ फुकट मिळत असे, आणि फुकट या शब्दावर विसंबून मी अण्णांच्या डोक्यावर हेडसेट चढवला. अमेरिकेतल्या शहरांत इमारती उभ्याच्या उभ्या दिसत होत्या, पण त्यांनी तिकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांनी पृथ्वी गरकन फिरवून थेट औसा तालुक्यातले आमचे शिवार गाठले. तिथे सगळे सपाटच होते. अण्णा आकाशात उभे राहून बराच वेळ खाली पाहत राहिले आणि मग कडाडले, “बघ, बघ! बांध सरळ हाय! त्यानं नंतर कोरलाय!” हे चित्र जुने असणार असे मी म्हणालो. “मग तेच म्हणतूय मी. जुन्यात सरळ हाय, म्हंजे कोरला नंतरच. याची झेरॉक्स निघंल का?”

निघणार नव्हती. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. साध्या मोजणीला तेव्हा वेळ लागे म्हणून अण्णांनी अतितातडीची मागितली आणि चलन मी भरून वहीत हेडसेटच्याच नावे टाकले. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. दुसऱ्याच दिवशी बांधाचे दुसरे मालक, म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, आमच्या दारात हजर. “दादा, तुमच्या बाजूनं बघितल्यालं मी मानत न्हाई, मलाबी दावा,” म्हणून ते थेट दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले. टोपी काढायला त्यांनी साफ नकार दिला. मी पट्टे सैल करून टोपीवरूनच हेडसेट बसवला, पत्नीने मुकाट्याने केबल उचलली, आईने आरशावर चादर टाकली, आणि काकांनी दोन्ही कंट्रोलर जरबेने धरून खाली पाहत विचारले, “हितनं साखळी टाकता येती का?”