द्राक्षबाग विकून कॉलेजचं नाव घेऊ नका

रविवारी तासगावला बहिणीकडे गेलो होतो. चहा झाला आणि दाजींनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा काढून माझ्यापुढं ठेवला. अर्धा एकर द्राक्षबाग विकायची ठरलीय म्हणाले. भाचीला पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचं. "चार लोकांत नाव सांगता आलं पाहिजे." पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एक शब्द बोलली नाही.

मी नावाजलेल्या कॉलेजच्या विरोधात नाही. मी स्वतः सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. १८५४ सालचं कॉलेज, त्याचा मला आजही अभिमान आहे. पण तिथं मी घडलो तो खोलीतल्या पोरांमुळं. एक लातूरचा, एक अकोल्याचा, दोघंही माझ्यापेक्षा हुशार. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकच गणित धरून बसायचे, ते सुटल्याशिवाय मला झोपू द्यायचे नाहीत. ही सोबत मार्कांवर मिळाली होती. घरी एक म्हैस विकली, जमीन नाही.

पैसे मोजून जागा घेतली तर पाटी मिळते, ती सोबत मिळेलच असं नाही. आणि मार्कांवर आलेली पोरं सांगलीत नाहीत का? विश्रामबागेतलं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून उभं आहे. लांबलांबच्या जिल्ह्यांतली पोरं तिथं नंबर लागावा म्हणून झटतात आणि आपण घरापासून तासाभरावरचं कॉलेज मोजतच नाही.

ज्या गोष्टीचा मला खरा राग आला ती वेगळीच. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार २०२४-२५ पासून पूर्ण माफ करतं. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना तर नाहीच. दाजी जिथं जागा घ्यायला निघाले होते, तिथं एक रुपया माफ होणार नव्हता. जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटानं तीनदा घरी येऊन हे एकदाही सांगितलं नव्हतं.

मी सातबारा परत पिशवीत घातला. तेव्हा भाची हळूच म्हणाली, "मामा, मला कॉम्प्युटर नकोच आहे. मला सिव्हिल आवडतं."

दाजी त्या दिवशी जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. पण काल बहिणीचा फोन आला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत जाऊन आले म्हणे.