"निर्णय ड्रायव्हरचाच असतो" म्हणे! बर्फातल्या घाटाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांबद्दल एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. सार असं की भरलेला ट्रक जड असतो म्हणून बर्फात घट्ट चालतो, चाकांना साखळ्या म्हणजे चेन लावल्या की घाटाची भीती नाही, अनुभवी माणूस अडकत नाही, आणि कंपनी कोणावर जबरदस्ती करत नाही, निर्णय ड्रायव्हरचा असतो, त्यामुळे जो घसरला तो स्वतःच्या मस्तीने घसरला. चारही गोष्टी अर्धवट आहेत.

आधी वजनाचं बघू. चढावर भरलेल्या गाडीचा फायदा होतो हे खरंय, ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर, म्हणजे इंजिन फिरवतं त्या चाकांवर, भार असला की चाकं जागच्या जागी फिरत बसत नाहीत. रिकामा ट्रेलर वाऱ्यात नाचतो हेही खरं, वायोमिंगमधे आय-८० हायवेवर वारा फार असला की हलक्या उंच गाड्यांना बंदीच घालतात. पण मेसेजवाला उतार विसरला ना राव! ८०,००० पौंड, म्हणजे ३६ टनांच्या वर, ६ टक्के उतारावर मागून ढकलत असतात, आणि वजनाने पकड जेवढी वाढते तेवढीच थांबवायला लागणारी ताकदही वाढते, मग फायदा राहिला कुठे? त्यात जेक ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी हळू करणारा) फक्त ड्राइव्हच्या चाकांवर चालतो, कोरड्या उतारावर तोच जीव वाचवतो पण बर्फावर जोरात लागला की त्या चाकांची पकड सुटते, मागचा ट्रेलर पुढे यायला बघतो आणि झालं जॅकनाइफ, गाडी चाकूसारखी मधेच दुमडते.

चेनचं म्हणाल तर कोलोरॅडोत आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे मोठ्या ट्रकने चेन सोबत ठेवायच्याच, आदेश असताना लावल्या नाहीत तर ५०० डॉलर दंड, आणि त्यापायी रस्ता अडला तर १,००० (वर सरचार्ज वेगळा). हे सगळं मुख्यतः गाडी चढावर अडकून रस्ता बंद पडू नये म्हणून आहे, लावल्या म्हणजे तू सेफ असं कोणी लिहून दिलेलं नाही. चेनवर ताशी ३० मैलांच्या वर जायचं नसतं, मधेच उघडा डांबरी रस्ता लागला की त्या झिजतात, तुटतात, आणि तुटलेली चेन फिरता फिरता ब्रेकची एअर लाइन फोडू शकते. शिवाय लावायच्या कुठे, तर रस्त्याच्या कडेला अंधारात वाकून, मागून घसरत येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर. म्हणून कितीतरी जुने ड्रायव्हर चेनचा बोर्ड लागला की सरळ गाडी पार्क करतात.

अनुभवाचं फार बोलायला नको. पुढची गाडी आडवी झाली की मागच्या सगळ्यांचा अनुभव तिथेच उभा राहतो.

आता कंपनीचं, कारण खरी थाप इथे आहे. कागदावर मेसेज बरोबर आहे. फेडरल नियम ३९२.१४ सांगतो की बर्फ, धुकं असं काही असेल तर वेग कमी करा आणि फारच धोकादायक झालं तर गाडी थांबवाच. कंपन्यांच्या पॉलिसीतही तेच छापलेलं असतं. पण पैसे बहुतेकांना मैलावर मिळतात, चाक थांबलं की कमाई थांबली. आणि डिस्पॅचर (कंपनीत बसून लोड वाटणारा) "जा" असं कधी लिहितच नाही हो, तो लिहितो "बाकीचे जातायत", "कस्टमर विचारतोय, काय सांगू?" आणि पुढच्या आठवड्यात थांबणाऱ्याला फालतू लोड मिळतात. ह्याला निर्णय ड्रायव्हरचा म्हणायचं?

अल्फॉन्स मॅडिन या ट्रक ड्रायव्हरची केस बघा. जानेवारी २००९, घाटही नाही, सपाट इलिनॉय. ट्रेलरचे ब्रेक गोठलेले, केबिनमधे हीटर बंद, मदतीची वाट बघत तासन् तास गेले, आणि वरून सांगणं असं की एकतर ट्रेलर ओढत ने नाहीतर तिथेच थांब. त्याने ट्रेलर सोडला आणि ट्रॅक्टर, म्हणजे ट्रकचा पुढचा इंजिनवाला भाग, घेऊन निघाला. ट्रान्सअ‍ॅम ट्रकिंगने त्याला काढून टाकलं. अपील कोर्टाने २०१६ मधे दोन विरुद्ध एक त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि विरोधातले ते एक न्यायाधीश, नील गोर्सच, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेले!

म्हणजे कायदा आहे, फक्त उशिरा पोचतो. धोक्यामुळे गाडी चालवायला नकार दिला म्हणून काढलं तर १८० दिवसांत ओशाकडे (कामगारांच्या सुरक्षेचं सरकारी खातं) तक्रार करता येते, आणि नियम मोडायला लावणाऱ्या कंपनीवर २०१६ पासून वेगळी कारवाई होऊ शकते. पण त्यासाठी नकार आणि त्याचं कारण मेसेजमधे लेखी हवं, फोनवर बोललेलं नंतर कोण कबूल करतंय. आणि वादळात "दोन तास जास्तीचे मिळतात ना, वापर" (म्हणजे गाडी चालवायच्या रोजच्या मर्यादेवर दोन तास) असं कोणी म्हणालं तर त्याला हेही लेखीच विचारा की वादळाचा अंदाज निघण्याआधी माहीत होता का, कारण तो माहीत असेल तर ते दोन तास मिळतच नाहीत.